गर्भिणीचे सौमनस्य आणि ज्येष्ठमधाची बरणी



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ऐन पावसाळ्यात सातव्या महिन्यातील एक गर्भिणी सासूबाईंसमवेत आमच्या चिकित्सालयात आली. महिनाभरापूर्वी कोरड्या खोकल्यासाठी आम्हीच तिला यष्टिमधु चूर्ण मधातून आठ दिवस घेण्यास सांगितले होते. खोकला बरा झाला होता. आता तक्रार निराळी होती: पायांवर सूज, डोके जड आणि झोप नाही. रक्तदाब पाहिला तो 146/94 भरला. पूर्वीच्या सर्व नोंदींत तो अगदी प्राकृत होता. औषधांची चौकशी करता सासूबाई सहज म्हणाल्या, "औषध कुठलं, डॉक्टर? तुम्ही दिलेला ज्येष्ठमधच चालू आहे. घसा बरा राहतो म्हणून दुकानातून आणखी आणला. आपला घरचा ज्येष्ठमध, त्यानं काय होतंय?"

आठ दिवसांचे चूर्ण पाच आठवडे चालले होते. जोडीला ज्येष्ठमध असलेल्या खोकल्याच्या गोळ्या दिवसभर चघळणे सुरू होते आणि संध्याकाळच्या काढ्यातही तेच द्रव्य होते. आम्ही ते सर्व थांबविले आणि रुग्णेला त्याच दिवशी तिच्या प्रसूतितज्ज्ञांकडे पाठविले. लघवीत प्रथिने आढळली नाहीत, रक्तदाब वाढण्याचे अन्य कारणही सापडले नाही, आणि दोन आठवड्यांत रक्तदाब पूर्ववत झाला. एका रुग्णेवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु चूक कोणाची, या प्रश्नाचे उत्तर आम्हास टाळता आले नाही. चिठ्ठीवर औषध किती दिवस घ्यावयाचे ते लिहिले होते. कधी थांबवावयाचे आणि का, ते आम्ही सांगितले नव्हते.

त्याच भेटीत, सासूबाई औषधांच्या खिडकीकडे गेल्या असता, ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, की यजमानांचा कारखाना तीन महिन्यांपासून बंद आहे आणि घरी ते कोणास ठाऊक नाही. रात्र रात्र ती जागी होती. रक्तदाबाचा काही अंश या काळजीचाही असेल. तेव्हा आम्हास या दोन गोष्टी, चिंता आणि ज्येष्ठमध, अगदी वेगळ्या वाटल्या होत्या. पुढे वाचन करता असे ध्यानी आले, की गर्भाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी एकाच दारावर जाऊन थडकतात. प्रस्तुत लेखाचा विषय तेच दार आहे.

अपरा: केवळ वाहिनी नव्हे, द्वारपाल

ताणाच्या प्रसंगी अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक स्रवते, हे आपण सर्व जाणतो. गर्भावस्थेत ते मातेच्या रक्तात स्वभावतःच वाढत जाते आणि अखेरच्या तीन महिन्यांत एरवीच्या दुप्पट-तिप्पट होते. ही विकृती नव्हे. प्रसवकाळ जवळ येता गर्भाची फुप्फुसे परिपक्व होण्यास कॉर्टिसॉलच लागते. प्रश्न काळाचा आणि मात्रेचा आहे. अपक्व गर्भास अवेळी व अतिमात्रेत मिळालेले कॉर्टिसॉल त्याची वाढ मंदावते, आणि ताणास प्रतिसाद देणारी त्याची घडणारी यंत्रणा निराळ्याच पातळीवर बेतते.

म्हणून निसर्गाने अपरेत एक द्वारपाल नेमला आहे. 11-बीटा-एचएसडी-2 असे त्या विकराचे नाव. मातेकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा फार मोठा भाग, सुमारे 80 ते 90 टक्के, हे विकर निष्क्रिय अशा कॉर्टिसोनमध्ये पालटून टाकते. त्यामुळे गर्भाच्या रक्तातील कॉर्टिसॉल मातेपेक्षा कित्येक पट कमी राहते. माता एखाद्या दिवशी रडली, घाबरली, भांडली, तर तिच्या रक्तातील प्रत्येक लाट गर्भापर्यंत पोहोचत नाही, याचे श्रेय या द्वारपालाचे आहे.

हा द्वारपाल दोन प्रकारांनी दुबळा होऊ शकतो. पहिला प्रकार, दीर्घकाळ टिकलेली चिंता. ज्या माता गर्भावस्थेत अधिक चिंताग्रस्त होत्या, त्यांच्या अपरेत या विकराची निर्मिती कमी आढळली, असे इंग्लंडमधील अभ्यासकांनी 2012 साली प्रसिद्ध केले. दुसरा प्रकार, त्यास थेट रोखणारे द्रव्य. अशा द्रव्यांत सर्वांत परिचित आहे ग्लायसिऱ्हायझिन, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचे माधुर्य. आतड्यात त्यापासून ग्लायसिऱ्हेटिक आम्ल बनते आणि ते या विकरास बांधून ठेवते. हेच विकर मूत्रपिंडातही आहे. तेथे ते रोखले गेले, की कॉर्टिसॉल लवण साठविणाऱ्या संप्रेरकाचे काम करू लागते, सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम निघून जाते आणि रक्तदाब चढतो. आमच्या रुग्णेच्या पायांवरील सूज या दृष्टीने पाहिली असता तिचा अर्थ लागतो.

पाश्चात्त्य पुरावा काय सांगतो

गर्भावस्थेतील परिस्थिती पुढील आयुष्यातील रोगांची बीजे पेरते, हा विचार आधुनिक वैद्यकात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने साउदॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर यांना जाते. हर्टफर्डशायर परगण्यातील आरोग्यसेविकांनी 1911 पासून बालकांची जन्मवजने व वर्षाखेरची वजने वह्यांत टिपून ठेवली होती. त्या वह्यांच्या आधारे बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 5,654 पुरुषांचा माग काढला आणि 1989 साली असे दाखविले, की ज्यांची जन्मवेळची व वर्षाची वजने सर्वांत कमी होती, त्यांच्यात हृद्रोगाने होणारे मृत्यू सर्वाधिक होते. प्रथम या मतास पुष्कळ विरोध झाला. आज ही एक स्वतंत्र ज्ञानशाखा झाली आहे.

दुसरे उदाहरण हॉलंडचे. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमधील नागरिकांचा दैनंदिन शिधा 1,000 कॅलरींच्या खाली गेला. मे 1945 मध्ये देश मुक्त झाला आणि दुष्काळ संपला. म्हणजे उपासमारीचा आरंभ आणि अंत दोन्ही ठाऊक असलेला हा काळ होता. त्या वेळी गर्भात असलेल्यांची पुढे अनेक दशके तपासणी झाली. ज्यांना अखेरच्या महिन्यांत उपासमार घडली, ते जन्मतः लहान होते. ज्यांना पहिल्या महिन्यांत घडली, त्यांचे जन्मवजन पुष्कळदा प्राकृत होते, तरी प्रौढपणी त्यांच्यात मेदवृद्धी व हृद्रोग अधिक आढळले. 2008 साली असेही दिसून आले, की आरंभीच्या काळात उपासमार सोसलेल्यांच्या एका वृद्धिकारक जनुकावरील रासायनिक खूण, जिला मेथिलेशन म्हणतात, सहा दशकांनंतरही त्यांच्याच भावंडांपेक्षा कमी होती. गर्भकाळातील अनुभव मांसमेदापुरता न राहता बीजभागाच्या वापरावरही आपली मुद्रा उमटवितो, असा याचा अर्थ.

परंतु उपासमार आणि मानसिक ताण एक नव्हेत. निव्वळ ताणाविषयी सांगावयाचे तर कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जानेवारी 1998 मध्ये हिमवादळाने विजेचे जाळे कोसळले. लाखो घरे कडाक्याच्या थंडीत अंधारात बुडाली, काही तर महिन्याहून अधिक काळ. तेथील संशोधिका सुझॅन किंग यांनी त्या वेळी गर्भिणी असलेल्या किंवा लवकरच झालेल्या स्त्रियांच्या अपत्यांचा पाठपुरावा केला. ज्या मातांना हाल अधिक सोसावे लागले, त्यांच्या मुलांमध्ये भाषिक व बौद्धिक चाचण्यांतील गुण सरासरीने कमी आणि साडेपाचव्या वर्षी स्थूलता अधिक आढळली. इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसराच्या मोठ्या पाहणीतही 2002 साली असे प्रसिद्ध झाले, की गर्भावस्थेच्या अखेरीस अत्यंत चिंताग्रस्त असलेल्या मातांच्या चार वर्षांच्या मुलांत वर्तनाच्या व भावनिक अडचणी सुमारे दुपटीने आढळल्या.

आता ज्येष्ठमधाविषयी. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची काळी मिठाई आबालवृद्ध आवडीने खातात. हेलसिंकी येथे 1998 साली जन्मलेल्या मुलांच्या मातांनी गर्भावस्थेत किती ज्येष्ठमध खाल्ले, याची नोंद होती. काट्री राइक्कोनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मुले आठव्या वर्षी व पुन्हा सुमारे साडेबाराव्या वर्षी तपासली. आठवड्यास 500 मिलिग्रॅम वा अधिक ग्लायसिऱ्हायझिन खाणाऱ्या मातांची 51 मुले आणि 249 मिलिग्रॅमपर्यंत खाणाऱ्या मातांची 327 मुले, अशी ती तुलना होती. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाचा बुद्ध्यंक सरासरीने सुमारे 7 गुणांनी कमी होता, अवधान व चंचलतेच्या अडचणी अधिक होत्या आणि मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणे पुढे गेलेली होती. फिनलंडच्या शासकीय यंत्रणेने 2016 पासूनच गर्भिणींनी मोठ्या प्रमाणात ज्येष्ठमध खाऊ नये, अशी सूचना दिली आहे.

हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. अधिक मिठाई खाणाऱ्या माता अन्य बाबतींतही निराळ्या असू शकतात, आणि मिठाईतील अर्क व आपले मूळचूर्ण शरीरात सारखेच शोषले जाते असे गृहीत धरता येत नाही. तरीही साधा हिशेब मांडून पाहावा. युरोपीय औषधकोशात ज्येष्ठमधाच्या मुळात ग्लायसिऱ्हायझिनचे किमान प्रमाण शेकडा 4 अपेक्षित आहे. आपल्या औषधकोशाने यष्टीची चूर्णमात्रा 2 ते 4 ग्रॅम सांगितली आहे. अर्धा-अर्धा चमचा दोन वेळा, म्हणजे सुमारे 3 ग्रॅम चूर्ण रोज घेतले, तर दिवसास 120 आणि आठवड्यास 840 मिलिग्रॅम ग्लायसिऱ्हायझिन पोटात जाते. म्हणजे आपली शास्त्रोक्त, सौम्य, घरगुती मात्राही फिनलंडच्या अभ्यासातील 'अधिक' या रेषेच्या पलीकडे आहे. आमच्या रुग्णेने पाच आठवडे हेच केले होते, गोळ्या आणि काढा निराळा.

आपले ग्रंथ आणि आपला अहंकार

असा विषय निघाला, की आपल्यापैकी अनेकांच्या मुखी एकच वाक्य येते: हे सर्व आमच्या आचार्यांनी पूर्वीच सांगितले आहे. या वाक्यात सत्याचा मोठा अंश आहे. चरकाचार्यांनी अग्र्य द्रव्य-भावांच्या गणनेत गर्भधारणेस पोषक अशा सर्व गोष्टींत मनाच्या प्रसन्नतेस अग्रस्थान दिले. गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे, क्षोभ न होईल असे सांभाळावे, अशी उपमा दिली. नित्य शोक करणाऱ्या मातेचे अपत्य भित्रे, कृश वा अल्पायु होते, असे गर्भोपघातकर भावांत सांगितले. सुश्रुताचार्यांनी चौथ्या महिन्यापासून गर्भिणीस दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, मानून तिच्या इच्छेच्या अवमानाचा संबंध गर्भाच्या विकृतीशी जोडला. अपरेतील विकराचे नाव त्यांस ठाऊक नव्हते. परंतु मातेचे मन व गर्भाचे शरीर यांत अंतर नाही, हे त्यांच्या सूक्ष्म निरीक्षणात आले होते. त्याचा अभिमान जरूर बाळगावा.

मात्र त्या सूचीतील प्रत्येक विधान आजच्या संशोधनाने सिद्ध झाले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. कलहशील मातेच्या अपत्यास अपस्मार होतो, असे तेथेच म्हटले आहे. त्यास आज पुरावा नाही. जेथे जुळते तेथे टाळ्या आणि जेथे जुळत नाही तेथे मौन, ही रीत शास्त्राची नव्हे. आणि ज्येष्ठमधाच्या बाबतीत तर आधुनिक पुरावा आपल्याच बरणीकडे बोट दाखवितो. तो सोयीचा नाही म्हणून दृष्टीआड करावयाचा काय?

येथे कोणी विचारील, की मधुक तर जीवनीय गणात आहे. सुश्रुतोक्त मासानुमासिक योगांत पहिल्याच महिन्यात ते येते. सहाव्या-सातव्या महिन्यात चरकाचार्य मधुर औषधींनी सिद्ध घृत सांगतात. फलघृतातही ते आहे. मग आक्षेप कसला? आक्षेप योगावर नाही. तेथे मधुक अनेक द्रव्यांपैकी एक आहे, दुग्ध वा घृताच्या संस्कारातून येते, एकेका मात्रेत त्याचा अंश अल्प असतो, आणि मासानुमासिक योग तर विशिष्ट अवस्थेत, वैद्याच्या देखरेखीखाली द्यावयाचे आहेत. आज होते ते निराळेच. एकेरी द्रव्याचे चूर्ण, त्याचाच घन, त्याचेच सिरप, त्याचीच गोळी, आणि सर्व चिठ्ठीवाचून. 2020 च्या साथीत घरोघर काढे उकळू लागले. आयुष मंत्रालयाने सुचविलेल्या काढ्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी एवढीच द्रव्ये होती. तरी अनेक घरांनी त्यात ज्येष्ठमध मनानेच घातले, आणि साथ ओसरल्यावरही ती सवय काही घरांत राहिली. मात्रा, काल आणि अवस्था यांचा विचार सोडला, की औषधाचे औषधत्व उरत नाही, हे तर चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायातील शिक्षण आहे.

भार कोणावर?

या विषयाची दुसरी बाजू आम्हास अधिक अस्वस्थ करते. 'गर्भसंस्कार' या शब्दाचा आज मोठा बाजार झाला आहे. तेजस्वी, गोरे, बुद्धिमान अपत्य हमखास मिळेल, अशा जाहिराती दिसतात. त्यांचा एक अदृश्य परिणाम असा, की बाळात काहीही उणे निघाले, तर बोट मातेकडे वळते. तू रडलीस म्हणून, तू मंत्र ऐकले नाहीस म्हणून, तू कामावर गेलीस म्हणून. ज्या स्त्रीस आधीच चिंता आहे, तिला 'तुझ्या चिंतेने बाळाचे नुकसान होईल' असे बजावणे म्हणजे तिच्या चिंतेत आणखी एकीची भर घालणे होय.

आचार्यांचा रोख असा नव्हता. वाग्भटाचार्यांनी गर्भिणीच्या उपचाराचा भार पती आणि सेवकवर्ग यांवर ठेवला आहे. तिला प्रिय आणि हितकर असे त्यांनी वागावयाचे आहे. 'आनंदी राहा' ही आज्ञा गर्भिणीस दिलेली नसून तिला आनंदी राहता येईल असे वागण्याचे कर्तव्य भोवतालच्यांस सांगितले आहे. हा भेद लहान नाही. क्वेबेकच्या मातांनी हिमवादळ ओढवून घेतले नव्हते, हॉलंडच्या मातांनी उपास निवडला नव्हता, आणि आमच्या रुग्णेने यजमानांचा कारखाना बंद पाडला नव्हता.

आपल्याच भूमीतील अभ्यास याहून स्पष्ट बोलतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील गर्भिणींचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास चालविला. तेथील बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे 2.7 किलो, इंग्लंडच्या बालकांचे सुमारे 3.5 किलो. परंतु आपले बाळ हाडा-मांसाने लहान असूनही मेदाने तितके लहान नव्हते. दिसण्यास कृश आणि अंतरी मेदस्वी अशी ही घडण पुढील मधुमेहाची पूर्वपीठिका ठरते. ज्या मातांच्या आहारात दूध, पालेभाज्या व फळे होती, त्यांची बाळे मोठी होती. ज्यांना शेतीचे व पाणी वाहण्याचे श्रम अधिक, त्यांची बाळे लहान. जवळजवळ दोन-तृतीयांश मातांत बी-12 जीवनसत्त्व उणे होते. बी-12 कमी आणि फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक आढळला, असे 2008 साली प्रसिद्ध झाले.

यातील कोणती गोष्ट एकट्या मातेच्या हाती आहे? डोक्यावरचा हंडा उतरविणे, ताटात दूध-भाजी वाढणे, ऊसतोडीच्या फडावरून सातव्या महिन्यात तिला घरी आणणे, ही कामे कुटुंबाची, मुकादमाची, गावाची आणि शासनाची आहेत. वैद्याचे काम हे, की ज्याच्या हाती आहे त्यास समोर बसवून सांगणे. आम्ही त्या रुग्णेच्या यजमानांस बोलावून घेतले. सुरुवातीस ते काही बोलेनात. पुढे त्यांनी घरी खरे सांगितले. सासूबाई आम्हास म्हणाल्या, "एवढंच होतं तर आधी सांगायचं ना! पोरीनं एकटीनं कशाला सोसायचं?" त्या आठवड्यानंतर तिला झोप लागू लागली. आम्ही निद्राकर औषध दिलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट मातांस आवर्जून सांगावी. ही लिपी अक्षय नव्हे. वरील सर्व निष्कर्ष सरासरीचे आहेत. ताण सोसलेल्या मातांची बहुसंख्य मुले निरोगीच असतात. मायकेल मीनी यांच्या उंदरांवरील प्रयोगांत, माता पिलांस जितके अधिक चाटते-गोंजारते, तितकी पिलांची ताणयंत्रणा शांत होते, असे 2004 साली जनुकीय खुणांसह दिसून आले. जन्मानंतरचा स्पर्श, स्तन्य, अभ्यंग आणि मायेची माणसे यांस आपल्या परंपरेत स्थान आहेच. गर्भात काही उणे पडले असल्यास ते भरून काढण्याची वाट तेथून जाते.

आमच्या सूचना

केवळ मत मांडून थांबणे आम्हास प्रशस्त वाटत नाही. म्हणून पुढील सूचना विचारार्थ ठेवतो.

1. गर्भिणीस यष्टिमधु एकेरी द्रव्य म्हणून, चूर्ण वा घन स्वरूपात, देऊ नये. ज्या योगांत ते घटक आहे, ते आवश्यक असल्यासच, अल्प मात्रेत व अल्प काळ द्यावेत आणि रक्तदाब पाहावा. रक्तदाब अधिक असल्यास मुळीच देऊ नये. थांबविण्याची तारीख चिठ्ठीवर लिहावी.

2. पर्याय शोधताना घाईने वासा देऊ नये. गर्भाशयावरील तिच्या परिणामामुळे ती गर्भिणीस वर्ज्य मानावी. साध्या खोकल्यास कोमट पाण्याच्या गुळण्या, वाफारा, मध व मनुका पुरतात. खोकला टिकला तर कारण शोधावे. अम्लपित्तास थोडे-थोडे व वेळेवर जेवण आणि शतावरीसिद्ध दूध यांचा विचार करावा.

3. फार्मसीचालकांस आमची नम्र विनंती आहे. आपल्या औषधांवर घटक व प्रमाण छापण्याचा नियम आहेच. त्यापुढे एक पाऊल टाकून, ज्येष्ठमधयुक्त सिरप, गोळ्या व चूर्णे यांवर 'गर्भिणींनी वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये' हे वाक्य ठळक मराठीत छापावे. अर्क वापरला असल्यास तो किती मुळाबरोबर आहे, तेही लिहावे. विक्री किंचित घटेल, विश्वास वाढेल.

4. सांधेदुखी वा दम्याच्या निनावी पुड्या घेणाऱ्या गर्भिणीस त्या तत्काळ दाखवावयास सांगावे. अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळ वारंवार आढळलेली आहे, आणि डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड अपरेतील द्वारपालास न जुमानता गर्भापर्यंत जाते. पुड्या एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून हे तज्ज्ञांच्या संमतीने करावे. याउलट, अकाली प्रसूतीच्या शक्यतेत प्रसूतितज्ज्ञ बाळाच्या फुप्फुसांसाठी जे इंजेक्शन देतात, त्यास कदापि विरोध करू नये. ते अनेक बालकांचे प्राण वाचविते.

5. प्रत्येक गर्भिणीच्या केसपेपरवर निद्रा, भूक, रडू येणे, घरातील कलह, आर्थिक अडचण आणि कामाचे स्वरूप यांची नोंद असावी. हे प्रश्न तिला एकटीस भेटून विचारावेत. विषाद दीर्घकाळ असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे विनाविलंब पाठवावे. शासनाची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर 2022 पासून उपलब्ध आहे. चालू असलेल्या मानसरोगाच्या, थायरॉइडच्या वा रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या शब्दाने बंद करू नयेत.

6. निदान एका भेटीस पती वा सासूबाईंस सोबत बोलवावे आणि गर्भिणी-परिचर्या त्यांस समजावून सांगावी.

7. संघटनेने सभासदांकडून गर्भिणींच्या साध्या नोंदी मागवाव्यात: कोणती औषधे, किती दिवस, रक्तदाब, जन्मवजन. हर्टफर्डशायरच्या आरोग्यसेविकांनी वह्या भरल्या, तेव्हा त्यांचे पुढे काय होईल हे त्यांस ठाऊक नव्हते. आपल्या चिकित्सालयांतून दरवर्षी असंख्य गर्भिणी जातात आणि आपल्यापाशी वह्या नाहीत. ग्रंथांत सांगितले आहे, एवढ्यावर जग विश्वास ठेवणार नाही, आणि ते योग्यच आहे.

असो. आमच्या त्या रुग्णेस पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. आता ती शाळेत जाते, सर्दी-पडशासाठी आजीचे बोट धरून आमच्याकडे येते आणि काउंटरवरच्या बरण्या मोजते. ज्येष्ठमधाची बरणी आम्ही फेकलेली नाही. त्या द्रव्यावर आमची श्रद्धा पूर्वीइतकीच आहे. फक्त ती आता दर्शनी फळीवर नाही; आतील कपाटात आहे, आणि तिच्यावर आमच्या हातची चिठ्ठी चिकटविलेली आहे: 'गर्भिणी आहे का, विचारा.'

आपल्याही बरणीवर ती चिठ्ठी लागावी, एवढीच प्रार्थना. इत्यलम्.